घास छातीशी अडतो तेव्हा

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे असून मी कोथरूडमध्ये राहते व एका पतसंस्थेत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी जेवताना घास छातीत अडल्यासारखा वाटू लागला. कधी पोळी अडायची, तर कधी नुसते पाणीही. दोन वर्षे मी ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. एंडोस्कोपीत काही सापडले नाही, तेव्हा हे मानसिक ताणामुळे होत असावे, असे मला सांगण्यात आले. रात्री झोपेत जेवलेले अन्न तोंडात येते आणि ठसक्याने जाग येते. वजन ६२ किलोवरून ५१ किलोवर आले आहे. सासूबाई म्हणतात, कोरड्या भाताचा मोठा घास गिळ, म्हणजे अडलेले खाली जाईल. एका लग्नात पंगतीत घास अडला, म्हणून हात धुण्याच्या निमित्ताने उठून गेले; तेव्हापासून चारचौघांत जेवणेच सोडले आहे. आता बेरियमची तपासणी (बेरियम पाजून काढलेला एक्स-रे) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतील दाब मोजणारी तपासणी) होऊन ‘अकॅलेझिया, प्रकार दुसरा’ असे निदान झाले आहे. फुगा, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि ‘पोएम’ असे तीन मार्ग डॉक्टरांनी सांगितले. त्यांतला कोणता निवडावा? औषधांनी किंवा योगासनांनी हे टळेल का? मी पुन्हा पूर्वीसारखी जेवू शकेन का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘कधी नुसते पाणीही’ हे तीन शब्द निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत. अन्ननलिका गाठीमुळे किंवा व्रणामुळे अरुंद झाली, तर बहुधा आधी पोळी-भाकरी अडू लागते आणि पातळ पदार्थ अडण्याची वेळ पुष्कळ नंतर येते. घन आणि द्रव दोन्ही सुरुवातीपासूनच अडत असतील, तर दोष नळीच्या रुंदीत नसून तिच्या हालचालीत असण्याची शक्यता अधिक असते.

एरवी आपण घास गिळतो तेव्हा अन्ननलिकेच्या स्नायूंची एक लाट वरून खाली सरकते आणि जठराच्या तोंडाशी असलेले, नेहमी आवळलेले स्नायूंचे कडे तेवढ्यापुरते सैल पडते. ते सैल करण्याचा निरोप देणाऱ्या, नळीच्या भिंतीतल्या मज्जापेशी अकॅलेझियामध्ये नष्ट होतात. लाट उरत नाही आणि कडे उघडत नाही. मग अन्न वर साठत जाते आणि साठलेल्या अन्न-पाण्याचा भार पुरेसा झाला, की थोडेसे खाली सरकते. भाताचा कोरडा घास हा घशात माशाचा काटा रुतल्यावरचा आपल्याकडचा जुना उपाय आहे. इथे काही रुतलेलेच नाही, त्यामुळे त्या घासाने साठ्यात भरच पडेल. सासूबाईंचा हेतू चांगला असला, तरी हे त्यांना अवश्य सांगावे.

दोन वर्षे ॲसिडिटीचे उपचार झाले, यात नवल नाही. साठलेले अन्न आंबते आणि छातीत जळजळ होते, ती आम्लपित्तासारखीच भासते. पण तिचे मूळ जठरातील आम्लात नसल्यामुळे गोळ्यांनी फरक पडत नाही. एंडोस्कोपीबद्दलही गैरसमज नसावा. या आजाराच्या सुरुवातीला नळी आतून निर्दोष दिसू शकते, कारण स्नायूंचा दाब डोळ्यांना दिसत नाही. तो मॅनोमेट्रीतच मोजला जातो. तरीही ती तपासणी वाया गेली असे नाही, कारण जठराच्या तोंडाशी असलेला कर्करोग कधीकधी हुबेहूब अकॅलेझियाचे सोंग घेतो आणि तो नाही याची खात्री करावीच लागते. ‘मानसिक ताण’ हे निदान मात्र घाईचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ११ किलो वजन उतरलेल्या रुग्णाला ते सांगू नये.

हा आजार दरवर्षी लाखात साधारण एकाला होतो, परंतु तो नवा मुळीच नाही. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ मध्ये अशा एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली आहे. देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून तो रुग्ण अन्न खाली ढकलत असे. नष्ट झालेल्या मज्जापेशी आजही परत आणता येत नाहीत. आजचे उपचारही न उघडणारे कडे मोकळे करण्याचेच आहेत, एवढेच की ते पुष्कळ सुधारले आहेत.

फुग्याच्या उपचारात ३० ते ४० मिलिमीटर व्यासाचा फुगा कड्यात फुगवून स्नायूंचे तंतू ताणले जातात. यात रुग्णालयात थोडाच काळ राहावे लागते. पण काही वर्षांनी तो पुन्हा करावा लागू शकतो, आणि शंभरात एखाद-दोघांची नळी फाटण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेची मूळ कल्पना जर्मनीतील अर्न्स्ट हेलर यांची, १९१३ मधील. त्यात कड्याचा स्नायू बाहेरून कापतात, आणि आता दुर्बिणीने ती करताना जठराचा थोडा भाग नळीभोवती गुंडाळतात, म्हणजे आम्ल वर कमी चढते. ‘पोएम’ ही पद्धत जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केली. तिच्यात तोंडावाटे एंडोस्कोप घालून, नळीच्या अस्तराखालून बोगदा करून तोच स्नायू आतून कापतात. पोटावर छेद नसतो, पण आम्ल अडवणारी गुंडाळीही नसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२१ रुग्णांच्या तुलनेत दोन वर्षांनंतर दोन्ही पद्धतींनी ८० टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांना आराम होता. मात्र आम्लामुळे नळीचा दाह पोएमनंतर ४४ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के रुग्णांत आढळला.

तुमचा दुसरा प्रकार तिन्ही प्रकारांत उपचारांना सर्वांत चांगला प्रतिसाद देतो. (तिसऱ्या प्रकारात नळीचे आचके लांबवर येतात, म्हणून तिथे बहुधा पोएमला पसंती मिळते.) त्यामुळे तुमच्या बाबतीत पद्धतीपेक्षा करणाऱ्याचा हात अधिक महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. पुण्यात रुग्णालयांची वाण नाही. तेव्हा डॉक्टरांना संकोच न करता विचारा, की आपण हे किती रुग्णांवर केले आहे, नळी फाटली तर ती शिवणारे सर्जन त्याच इमारतीत असतात का, आणि वर्षभराने पुन्हा बेरियम करून नळी किती रिकामी होते हे पाहणार का. वारंवार यायची तयारी नसेल, तर फुग्याऐवजी उरलेल्या दोहोंपैकी एक निवडावा.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी कडे किंचित सैल होते, पण डोके दुखते आणि गुण टिकत नाही. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा परिणाम साधारण सहा महिने ते वर्षभर राहतो. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांसाठी ते ठीक आहे, तुमच्या वयाला नाही. योगासनांनी कडे उघडत नाही. उलट सर्वांगासनासारख्या डोके खाली जाणाऱ्या आसनांत साठलेले अन्न श्वासनलिकेत शिरू शकते. पाणी पिऊन ओकण्याची वमनक्रियाही करू नये.

रात्रीचा ठसका तर आजच थांबवायला हवा, कारण फुप्फुसात अन्न गेल्याने न्यूमोनिया होऊ शकतो. झोपण्यापूर्वी तीन-चार तास काही खाऊ नका आणि डोक्याखाली दोन उशा घेण्याऐवजी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. उशांनी केवळ मान वाकते. जेवताना ताठ बसा, कोमट पाणी जवळ ठेवा. आसट भात, मुगाची खिचडी, पातळ आमटी यांनी काम सोपे होते. पाव आणि चिवट झालेली पोळी सर्वाधिक त्रास देतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर, ताठ बसूनच घ्या. एक गोष्ट विसरू नका : भूल देण्यापूर्वी रात्रभर उपाशी राहिले, तरी तुमची अन्ननलिका रिकामी नसते. म्हणून आधी एक-दोन दिवस पातळ आहार घ्यावा लागतो. भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव आपणहून सांगा.

उपचारानंतर लाट परत येत नाही, त्यामुळे घासामागून घोटभर पाणी घेण्याची सवय बहुधा आयुष्यभर राहील. बहुतेकांना पोळी-भाजी खाता येते आणि वजनही भरून येते. पुष्कळ वर्षांनी या रुग्णांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा थोडा वाढतो, म्हणून बरे वाटले तरी तपासणीला जात राहावे. पंगतीचे म्हणाल, तर यजमानांना आधीच सांगून कडेची जागा धरा आणि आग्रहाला ‘डॉक्टरांनी सावकाश जेवायला सांगितले आहे’ एवढे उत्तर द्या. आपल्याकडे डॉक्टरांचे नाव घेतले की वाढणारा हात थांबतो.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७२ वर्षे असून त्यांना तंबाखूची जुनी सवय आहे. दोन महिन्यांपासून त्यांना भाकरी गिळता येत नाही, आता खिचडीही अडते. वजन झपाट्याने उतरले आहे. हाही अकॅलेझियाच असेल का? घरगुती उपाय करून महिनाभर वाट पाहावी का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : वाट पाहू नये. या वयात, एवढ्या थोड्या काळात, आधी घन आणि मग मऊ अन्न अडू लागले, तर प्रथम कर्करोगाची शंका घ्यावी लागते, आणि तंबाखूमुळे ती अधिक बळावते. अकॅलेझियाचा विचार त्यानंतर. याच आठवड्यात त्यांची एंडोस्कोपी करून घ्या. आत काही दिसल्यास त्याच वेळी तुकडा तपासणीस पाठवता येतो. तोवर त्यांना पेज, ताक, दूध असे पातळ अन्न थोडे थोडे करून बसवून द्या. पाणीही उतरेनासे झाले, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.