४२ स्लाइड बाजूला ठेव

चि. पोरी,

तुमच्या औष्णिक वीज केंद्रातर्फे गावाला दाखवायचं तुझं प्रेझेंटेशन मिळालं. ४२ स्लाइड! रंग छान निवडलेस, नकाशेही नीट आहेत. पण १ मेच्या ग्रामसभेत ते लावू नकोस. त्या दिवसांत भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या मंडपात बसलेला माणूस पाचव्या स्लाइडला पाणी प्यायला उठेल आणि परत येणार नाही. शिवाय त्या ४२ पैकी एकाही स्लाइडवर गावाने विचारलेला प्रश्न मला दिसला नाही. सगळी आपली उत्तरंच आहेत.

एक उदाहरण देतो. गावातला कोणीतरी म्हातारा उठून तुमच्या कूलिंग टॉवरकडे बोट दाखवेल आणि म्हणेल, 'एवढा पांढरा धूर सोडता, मग पोरं खोकणार नाहीत तर काय?' तुझे सहकारी गालातल्या गालात हसतील, कारण ती वाफ आहे आणि धूर पलीकडच्या उंच चिमणीतून निघतो. मीही एके काळी असाच हसायचो. मग एकदा एका बाईंनी मला सरळ विचारलं, 'साहेब, वाफ म्हणजे पाणीच ना? मग आमच्या नळाला का नाही?' मला उत्तर सुचलं नाही. तू मात्र हिशेब पाठ करून जा. २०१५ च्या नियमाप्रमाणे कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्राला एका युनिट विजेमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येतं. तुमचा आकडा त्याच्या खाली असेल, तर तो सांग. वर असेल, तरी सांग. हतनूर धरणाचं पाणी दीपनगरच्या केंद्रालाही लागतं आणि तापीकाठच्या गावांनाही. उन्हाळ्यात ज्याच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्याला वाफेचं शास्त्र समजावण्यात काही राम नाही.

आता राखेचं. आपल्या कोळशात तीसेक टक्क्यांच्या वर राख निघते. एका युनिट विजेला अंदाजे पाऊण किलो कोळसा धर आणि ५०० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालला तर किती टन राख होते, हे स्वतः मांडून बघ. अडीच हजारांच्या पुढे जाशील. गाव हा आकडा कागदावर मांडत नाही. केळीच्या पानावर बोट फिरवलं की त्याला तो कळतो.

ते बोट तूही फिरव. ऑफिसच्या गाडीने नको, मोटारसायकलने जा. नवती, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचं कोवळं, रुंद पान खालून धर आणि वरून बोट ओढ. मातीची धूळ असेल तर बोटाला खरखर लागते. राख असेल तर टाल्कम पावडरसारखी सुळसुळीत लागते आणि बोटांच्या रेषांत करडी बसते. शेतकऱ्याला हा फरक तुझ्या उपकरणाआधी कळतो. तुझं उपकरण पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांची, २४ तासांची सरासरी देतं. मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमची आहे, आणि दिवस त्या आत बसूही शकतो. पण दुपारी चारला वावटळ उठली आणि केंद्राची राख साठवतात त्या कोरड्या पडलेल्या तळ्यावरून तासभर वारा गावाकडे वाहिला, तर तो तास सरासरीत विरघळून जातो. ओट्यावर पापड वाळत घातलेल्या बाईचा सगळा दिवस मात्र त्याच तासात असतो. तू सरासरी वाचून दाखवलीस तर तू खोटं बोलतेस असंच तिला वाटेल. म्हणून तासाचे आकडे काढून ने, आणि तळ्यावर पाणी कधी मारलं, किती भाग उघडा होता, तेही त्याशेजारी लिही.

आणखी एक. गावात राहणाऱ्याला राखेची सवय होते. तिकडून खरी बातमी हवी असेल तर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जा. माहेरी आलेल्या लेकी पहिल्याच सकाळी ओटा पुसतात आणि फडकं बघून आईला विचारतात, 'हे काय गं?' झोक्याखाली बसून मी जेवढं ऐकलं, तेवढं सभेत कधी ऐकलं नाही. (बोलीचं जप. तू धुळ्याकडची, तोंडात अहिराणीतला 'शे' येणारी. भुसावळ-यावलकडे लेवा बोली चालते. नक्कल करू नकोस, कान दे. लोकांना लगेच कळतं.)

आता माझी चूक. ती मी तुझ्या ट्रेनिंगमध्ये सांगितली नव्हती. खानदेशाबाहेरच्या एका केंद्रात मी शिफ्ट इंजिनिअर होतो. नाव नको. रात्री अडीचच्या सुमाराला राखेच्या पाइपाचा जोड सुटला आणि चिखल वेचणीला आलेल्या कापसात शिरला. आम्ही व्हॉल्व्ह बंद केला, जोड बसवला, लॉगबुकात मी 'किरकोळ गळती' लिहिलं आणि घरी जाऊन झोपलो. जीप घेऊन शेतावर पोचलो ते सकाळी अकराला. तोवर सगळ्या गावाला कळलं होतं, कारण तो जोड बसवणारे दोन्ही कंत्राटी कामगार त्याच गावचे होते. हे मला तेव्हा सुचलंही नाही. शेतकऱ्याने ओंजळभर चिखल आणून जीपच्या बॉनेटवर ठेवला. बोलला काहीच नाही. पंचनामा होईपर्यंत उन्हाने तो वाळला आणि कडेकडेने उडायला लागला. मी त्याच्याकडेच बघत राहिलो, कारण माणसाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

भरपाई मिळाली, आठ महिन्यांनी. पण पुढची तीन वर्षं त्या शिवारात कुठलंही पान पिवळं पडलं की बोट आमच्याकडे यायचं, आणि आम्ही खरं बोलत होतो तेव्हाही कोणी ऐकत नव्हतं. रात्री अडीचलाच पोलीस पाटलाला उठवलं असतं तर शिव्या मिळाल्या असत्या. बस, तेवढंच.

म्हणून तुझं पहिलं काम स्लाइडचं नाही, फोनचं आहे. रात्री काही फुटलं, सांडलं, ईएसपी, म्हणजे धुरातली राख पकडणारं यंत्र, बंद पडलं आणि चिमणी काळा धूर ओकायला लागली, तर अर्ध्या तासात सरपंचाला आणि पोलीस पाटलाला तू फोन करायचा. काय झालं, कुठे झालं, पुढचा फोन किती वाजता येईल, एवढंच सांग. कारण कळलेलं नसेल तर 'शोधतोय' म्हण. वरिष्ठ म्हणतील, आधी मंजुरी घ्या. ती मंजुरी आत्ताच, काही फुटलेलं नसताना, लेखी घेऊन ठेव.

दुसरं काम कंटाळवाणं आहे. तुमच्या प्रकल्पाच्या जनसुनावणीचं इतिवृत्त शोध. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ते सुनावणीच्या शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं, म्हणजे मराठीत कुठेतरी असणारच. तेव्हा गावाने काय मागितलं आणि व्यासपीठावरून कोणी काय कबूल केलं, ते एका कागदावर उतरव. समोर लिही: झालं, अर्धं झालं, नाही झालं. ग्रामसभेत हाच एक कागद घेऊन उभी राहा आणि वाचायची सुरुवात 'नाही झालं' पासून कर. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला जातोच. त्याचीही मराठी प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लाव. कोणी मागायची वाट बघू नकोस.

सीएसआरवाल्यांना, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचा निधी बघणाऱ्यांना, त्या दिवशी सोबत नेऊ नकोस. चांगली माणसं आहेत, पण गाव राखेचं विचारतं आणि हे शाळेला बाकं देतात. राख आवरणं ही देणगी नाही. ती मंजुरीची अट आहे, आणि २०२१ च्या अधिसूचनेनंतर वापराविना राहिलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई बसते. राखेच्या बल्कर टँकरला गळती असेल, हायवा डंपरवर ताडपत्री नसेल, तर गेटवर थांबवायचा अधिकार तुझ्याकडे आहे का, हे या आठवड्यात विचारून घे. नसेल तर गावात जाऊन कुठलाही शब्द देऊ नकोस.

घरी आई-बाबांना नमस्कार सांग. ग्रामसभा झाली की रविवारी इकडे ये. काकू कळण्याची भाकरी आणि ठेचा करणार आहे. येताना तो कागद आण, लोकांनी त्यावर पेनाने जे काही खरडलं असेल त्यासकट. पुसून, टाइप करून आणू नकोस.

तुझा काका