पर्वतीची चतुःशृंगी

*मावशी, दर रविवारी डेक्कनला आमचा कथालेखनाचा गट जमतो. माझ्या मैत्रिणीची हिंजवडीतली नोकरी गेली, तेव्हा पाच महिने ती रोज डबा घेऊन 'ऑफिसला' निघायची आणि पर्वतीवर जाऊन बसायची. पुढे दुसरी नोकरी लागली, नवऱ्यालाही तिने सांगितलं. सासूबाईंना अजून माहीत नाही. मी त्यावर कथा लिहिली. नाव बदललं, पर्वतीची चतुःशृंगी केली. गटात सगळ्यांना आवडली, एका दिवाळी अंकाने घेतलीसुद्धा. मैत्रिणीला सांगायलाच हवं का? मग आम्ही लिहायचं तरी कशावर?*
*– एक लेखिका, कोथरूड*

अगं, पर्वतीची चतुःशृंगी केलीस म्हणजे देऊळ बदललं. डबा तोच राहिला ना!

कथा सोबत पाठवलीस, ती वाचली. चांगली आहे, उगाच नाही म्हणणार नाही. तिला घास उतरत नाही म्हणून ती पोळ्या कुत्र्याला घालते, कारण डबा भरलेला परत नेला तर सासूबाई विचारतील 'बरं नाही का?' ही त्यातली सगळ्यात सुंदर जागा. आणि 'लोक साठीनंतर पर्वतीवर येतात, मी चौतिशीतच आले' हे वाक्य. (तिथे तू पर्वतीच ठेवलीयस, बदलायचं राहून गेलं.) खरं सांग, ही दोन्ही तुला सुचली की तिने सांगितली?

लिहायचं माणसांवरच, दुसरं आहे काय आपल्याकडे? १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांच्या कथांनी केवढा गहजब केला होता. पण तिथे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी झाकलं होतं ते स्वतःचं नाव. तुझं छापून येणार ठळक.

कायद्याचं म्हणशील तर तुला कुणी कोर्टात खेचेल असं मला वाटत नाही. बोस्टनकडच्या दोन लेखिकांचं प्रकरण २०२१ मध्ये फार गाजलं. एकीने अनोळखी माणसाला मूत्रपिंड दिलं, दुसरीने तसल्याच दानावर कथा लिहिली आणि तिच्या एका खर्ड्यात पहिलीच्या पत्रातली वाक्यं जवळपास तशीच उतरली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये कॉपीराइटचा निकाल कथा लिहिणारीच्या बाजूने लागला. म्हणून मी तुला कायद्याचं सांगतच नाहीये.

माझं ऐक. तरुणपणी मी आत्यावर एक लेख लिहिला. तिचं वैधव्य, दिरांनी बळकावलेलं घर, सगळं त्यात होतं. आत्या वर्षभर बोलली नाही. कशावरून? तिच्या लुगड्याला ठिगळ होतं, असं मी लिहिलं होतं! घराबद्दल तिची काही तक्रार नव्हती. कुणाला कुठे लागेल हे लिहिणाऱ्याला कळत नाही गं. ज्याचं आयुष्य असतं, त्यालाच ते ठाऊक.

आणि दिवाळी अंक कोण वाचतं पुण्यात? सासूबाईच वाचतात. वाचनालयाची योजना लावून, ओळीने सगळे. आपल्या सुनेला ओळखायला त्यांना किती वेळ लागेल?

तेव्हा प्रूफं हातावेगळी व्हायच्या आत संपादकांना फोन कर आणि आठ दिवस मागून घे. कथेची छापील प्रत काढ. व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, त्यावर ती 'छान'चा अंगठा पाठवून मोकळी होईल आणि तुलाही तेच हवं असेल. तिच्या घरीही जाऊ नकोस. बाहेर कुठेतरी बसा, तिला सगळी कथा वाचू दे, तोवर तू गप्प राहा. 'चालेल ना?' असं विचारू नकोस. मैत्रिणीला 'नाही' म्हणणं जड जातं. 'यातलं काय काढू?' असं विचार. ती कुत्रा काढ म्हणाली तर कुत्रा काढायचा, कितीही जिवावर आलं तरी. सगळीच नको म्हणाली तर कथा मागे घ्यायची. संपादक चिडतील, चिडू देत.

गटातल्या मंडळींनाही या रविवारी सांग, की ही गोष्ट बाहेर कुणाला सांगू नका. कोथरूडात कुणाची वहिनी कुणाच्या ऑफिसात निघेल, नेम नसतो.

– मावशी