मटण-मिसळ खाणाऱ्याला बीपी-शुगर होतेच का? आमचे आजोबा तर सगळं खाऊन 90 वर्षं जगले!

असले आजोबा कोल्हापुरात घरटी एक सापडतात. पंचावन्नाव्या वर्षी हार्टनं गेलेल्या चुलत्याचं उदाहरण मात्र कुणी देत नाही. शिवाय तुमचे आजोबा उसात राबायचे आणि मटण शिजायचं ते जत्रेला नाहीतर पै-पाहुणा आला तर. तुम्ही लिहिलंय की काम दिवसभर बसून, दर रविवारी मटण आणि आठवड्यात दोन-तीनदा मिसळ. त्यांचा हिशोब तुम्हाला कसा लागू पडेल?

त्यामुळे 'होतेच' असं नाही, पण शक्यता वाढते. आणि ती तिखटानं वाढत नाही, चटणीला उगाच बदनाम करतात. बीपीचा खरा वैरी मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड सगळं आलं.

मिसळीची प्लेटच बघा. तळाला मोडाची मटकी, प्रथिनं आणि तंतू दोन्ही देणारी. वर तळलेलं खारट फरसाण, त्यावर कटाचा तेलकट तवंग, बाजूला मैद्याचे स्लाइस. आणि आपण ओरडून मागतो काय, तर कट! मी मटकी जादा मागतो, कट एकदाच घेतो. सोबतचे हसतात, हसू देत.

रश्शांत लोक तांबड्याला भितात आणि पांढरा वाटीवर वाटी रिचवतात. नारळाचं दूध आणि मटणाची चरबी, दोन्हींत संपृक्त चरबी भरपूर, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं ते त्यानंच. महिन्यातून एकदा ताट मांडून खा की, कोण नको म्हणतंय.

शुगरचं गणित वेगळं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या देशभरच्या पाहणीत भारतात मधुमेही 10.1 कोटी निघाले (2023). त्याच पाहणीच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की आपल्या ताटातले सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. नुसता भात सोडून तितक्याच भाकऱ्या खाल्ल्या तर धोका कमी होताना दिसला नाही. एखादी भाकरी कमी करून तिथं डाळ, उसळ, दही आलं तर होतो. आणि हो, गूळ आपला असला तरी बहुतांश साखरच आहे. मधुमेह्याला 'चालतो' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तुम्ही पस्तिशीत आहात, तर बीपी, लिपिड (रक्तातली चरबी) आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर एकदा तपासून घ्या. कंबरही मोजा, पुरुषांत 90 सेंमीच्या वर गेली की सावध व्हायचं. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, आणि ते अधू किडनीला झेपत नाही. वडिलांना किडनीचा त्रास आहे म्हणालात, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.