आईचा घास सासरी ठेवला तर चालतो का?

गणपती गेले की माझ्याकडं येणाऱ्यांचे प्रश्न बदलतात. भाद्रपदाचा वद्य पक्ष, म्हणजे पितृपंधरवडा, लागतो आणि एरवी नवऱ्याबद्दल, मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलणारी माणसं अचानक गेलेल्यांबद्दल बोलायला लागतात. ‘नैवेद्याला कावळा शिवला नाही, म्हणजे अण्णांचं काही राहिलं असेल का?’ ‘शिफ्ट असते, म्हाळ घालायला जमत नाही, चालेल का?’ आणि सगळ्यात जास्त वेळा, चाळिशी-पन्नाशीच्या बायकांकडून: ‘भाऊ काही करत नाही. मी लग्न झालेली मुलगी. आईचा घास मी सासरी ठेवला तर चालतो का?’

मी समुपदेशक आहे, गुरुजी नाही. चालतं की नाही हा निकाल माझ्याकडं नसतो. पण हा प्रश्न घेऊन आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि दोघी-तिघींचे अनुभव त्यात मिसळलेत.

ताई बँकेत नोकरीला, सासर शिवाजी पेठेत, माहेर कोल्हापुरातच. आई आदल्या वर्षी श्रावणात गेली. भाऊ पुण्यात. त्यानं तिथंच एक हॉल घेऊन तासाभरात वर्षश्राद्ध उरकलं आणि म्हणाला, ‘दरवर्षी एका संस्थेला पैसे पाठवीन, आता विषय संपला.’ माहेरचं घर बंद. सासरी द्वादशीला सासऱ्यांचा म्हाळ असतो, भाऊकी जेवायला येते, पन्नासेक भाकऱ्या ताईच थापतात. आईची तिथी षष्ठी. त्या दिवशी काय करायचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

“मॅडम, रात्री झोप लागत नाही. आई उपाशी आहे असं वाटतं.”

खरं तर इथंच उत्तर देऊन टाकायचा मोह होतो. महालयाच्या तर्पणात नुसत्या बापाकडच्या पिढ्या येत नाहीत. आईकडचे, गुरू, मित्र, सगळ्यांची नावं घेतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी, मुलीचा मुलगा आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. मुलीच्या घराचा आणि माहेरच्या पितरांचा संबंधच नाही असं शास्त्रही म्हणत नाही. हे सगळं ताईंना त्यांच्या ओळखीच्या गुरुजींनी आधीच सांगितलं होतं. तरी झोप येत नव्हतीच. म्हणजे प्रश्न परवानगीचा नव्हता. मी ‘उपाशी’ हा शब्द धरून ठेवला.

“आईंचं शेवटचं जेवण काय होतं?”

बराच वेळ त्या पर्सच्या चेनशी खेळत बसल्या. मग सांगितलं. आईच्या किडन्या गेल्या होत्या, मीठ-तिखट बंद. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आईनं चटणी-भाकरी मागितली. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाची, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षाची भरून ठेवलेली. ताई म्हणाल्या, “डॉक्टर ओरडतील आई, घरी गेल्यावर देते.” आई घरी आली नाही. तिच्याच हातच्या चटणीची शेवटची बरणी ताईंनी माहेराहून आणून फ्रीजरमध्ये ठेवलेली. दोन बोटं चटणी उरलेली. ती खायचीही नाही, टाकायचीही नाही, दुसऱ्या कुणी बरणीला हात लावला तर घरात भांडण.

“मग त्या दिवशी तुम्ही दिलंत काय?”

“मुगाची अळणी खिचडी. चार चमचे खाल्ली. मीच भरवली.”

हे वाक्य वर्षभरात त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. नाकारलेली भाकरी लक्षात होती, भरवलेली खिचडी विसरली होती. अपराधीपणा असाच हिशेब ठेवतो. मी ‘तुमची काही चूक नव्हती’ असं म्हणत बसले नाही. ते वाक्य कानाबाहेरूनच जातं. त्या दुपारची गोष्ट त्यांना पहिल्यापासून सांगायला लावली. खोली कशी होती, आई आणखी काय बोलली, चमचा कुणी धुतला. पुढच्या भेटीत परत. दुसऱ्यांदा सांगताना त्या मध्येच हसल्या, कारण खिचडी खाताना आई म्हणाली होती, “ही खिचडी हाय का पेज?”

मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९१७ मध्ये मांडलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं. पुढं कितीतरी वर्षं सल्ला तसाच दिला गेला: विसरा, पुढं चला. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलट बाजू ठामपणे मांडली: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि असं नातं जपून माणसं नीट जगतात. पितृपंधरवडा पाळणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये. फक्त एक गोष्ट आपल्याकडं बिघडते. आठवण काढायचा दिवस ‘नाही केलं तर काय होईल’ या धास्तीचा दिवस होऊन बसतो. भीतीपोटी घातलेल्या शंभर पानांनी ताईंची झोप परत आली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आम्ही ठरवलं ते अगदी लहान ठेवलं. षष्ठीला चार भाकऱ्या, त्या बरणीतली चटणी, वर तेल. खायला आईच्या गल्लीतल्या दोन मैत्रिणी, ज्या तिच्याबरोबर चाळीस वर्षं मिरच्यांची डेखं खुडायला बसत होत्या. एक घास गच्चीवर.

अडचण आली सासूबाईंची. “पितराच्या जेवणात कांदा-लसूण? आणि दुसऱ्या घरचा घास आमच्या गच्चीवर?” ताई चिडून मला फोन करत होत्या. मी म्हटलं, भांडू नका, फक्त विचारा की त्यांच्या आईचा घास कोण ठेवतं. सासूबाई आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी तरी कुठं ठेवला गं? पन्नास वर्षं झाली की.” कांदा-लसणाला त्यांनी शेवटपर्यंत होकार दिला नाही. पण षष्ठीला स्वतःच्या आईच्या आवडीची तांदळाची खीर त्यांनी करायला घेतली, आणि गच्चीवर दोन पानं गेली. एकात चटणी, एकात खीर. कावळा काही लगेच आला नाही, दोन साळुंख्या आल्या. ताई वाट बघत थांबल्या नाहीत, खाली तव्यावर भाकरी होती.

भाऊ आला नाही. ताईंचा त्याच्यावरचा राग आजही आहे आणि तो घालवायची घाई मी केलेली नाही. पैसे पाठवणं हीसुद्धा त्याची रीत असू शकते, एवढंच आम्ही एकदा बोललो.

प्रत्येकाला घासच ठेवायचा असतो असं नाही. सत्यशोधकी वळणाची घरं कोल्हापुरात काही कमी नाहीत. तिथं भटजीही नसतो आणि कावळाही. अशा एका कुटुंबाला मी पंचगंगा स्मशानभूमीसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, द्यायला सुचवलं. इथं दहन शेणींवर होतं, महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि होळी लहान करून शेणी दान करायची चाल शहरात रुळलेली आहे. वडिलांच्या नावानं शेणी देणं म्हणजे कुणाच्या तरी वाईट दिवसाची सोय करणं. त्या घरातल्या कॉलेजच्या पोराला हे फार पटलं. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळतात, त्यावर आंबा नाहीतर नारळ लावतात. ज्यांना त्या वेळी हे सुचलं नाही त्यांनी आत्ता, पाऊस ओसरताना, जमिनीत ओल आहे तोवर रोप लावलं तरी बिघडत नाही. कार्तिकी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात, त्यात एक आपल्या माणसाची. आणि ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अख्खं शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. राजासाठी जमतं ते आजीसाठी जेवणाच्या टेबलाशीही जमतं.

माझा स्वतःचा आवडता उपाय त्याहून रुक्ष आहे: जुने फोटो काढा आणि पाठीमागं पेन्सिलीनं नावं लिहा. ते काम एकट्यानं होत नाही, काकूला फोन करावाच लागतो, आणि फोन लागला की तासभर ठेवला जात नाही. मोबाइलमधले व्हॉइस मेसेज दुसरीकडं साठवून ठेवा. हँडसेट बिघडल्यावर आवाज गेला म्हणून दुसऱ्यांदा रडणारी माणसं मी पाहिली आहेत. दिवाळीत दुखवट्याच्या घरी फराळाचा डबा द्यायची आपली पद्धत आहेच. डबा ठेवून दारातूनच वळू नका, बसा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव काढलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून सगळे गप्प बसतात, आणि त्या गप्पपणाचंच त्यांना जास्त वाईट वाटतं.

काही जणांना मात्र एवढ्यानं भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आहे: सहा महिन्यांहून जास्त काळ रोजचं जगणं अडवणारी, आपल्या रीतिरिवाजापेक्षा पुष्कळ लांबलेली तीव्र ओढ किंवा दुःख. कामावर जाता येत नाही, जेवण तुटलंय, ‘मलाही तिकडंच जायचंय’ असं मनात येतंय, तर पितृपंधरवड्याची वाट बघू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला गाठा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

ताईंनी निघताना विचारलं होतं, “पुढच्या वर्षी षष्ठीला ऑडिट आलं तर? चुकलं तर चालेल का?” मी म्हटलं, रविवारी करा. त्या म्हणाल्या, रविवारी सासूबाईंचा उपवास असतो, खीर कोण खाणार? मग शनिवारवर ठरलं.