आधी ‘केव्हा’ विचार

प्रिय पोरी,

समुपदेशक म्हणून रुजू झालीस आणि पहिल्याच आठवड्यात शाळेने तुझ्या हातात सात नावांची चिठ्ठी ठेवली, ‘ही आमची वांड कार्टी, बघा काही होतंय का’ म्हणून. आणि तू मला विचारतेस, यांची कुठली चाचणी आधी घेऊ. चाचण्या राहू देत कपाटात. एक साधी वही घे, प्रत्येक मुलाला चार पानं दे, आणि वर्गशिक्षिकांना, आईला, शाळेच्या मावशींना एकच प्रश्न विचार: हे केव्हा होतं? ‘का’ विचारलंस की प्रत्येकाचं मत मिळतं. बाई म्हणतात संस्कार, आई म्हणते मोबाइल, आजी म्हणते दृष्ट. ‘केव्हा’चं उत्तर द्यायला माणसाला आठवावं लागतं, आणि त्यातून कधीकधी कळतं की वांडपणामागे आजार आहे.

हे मी एका मुलीचे आठ महिने वाया घालवून शिकले. चौथीतली होती. कविता म्हणता म्हणता थांबायची, नजर एका जागी, मग जणू काही झालंच नाही अशी पुढे. मी तिच्या आईला टीव्ही बंद करायला लावला, एकाग्रतेसाठी मणी ओवायला दिले, लक्ष दिलं की तक्त्यावर चांदणी. एक दिवस शाळेच्या मावशी म्हणाल्या, “बाई, ही जिना चढतानाबी अशीच उभी राहते. हातात खाऊ असला तरी.” कंटाळलेलं मूल गणिताच्या तासाला हरवतं. जिन्यात, तोंडाशी घास नेताना हरवत नाही.

ती फिट होती. हातपाय न झाडणारी, दहा-वीस सेकंदांची, दिवसातून कितीतरी वेळा येणारी. साधारण ४ ते १० या वयात ही सुरू होते आणि शाळेत हमखास ‘लक्ष नाही’ या खात्यावर जमा होते. दिवास्वप्नातलं मूल खांद्याला हात लावला की परत येतं, हे येत नाही. डॉक्टरांनी तिला कागदी भिरभिरं फुंकायला दिलं, कारण जोरजोरात श्वास घेतला की ही फिट उमटते. (तू हा प्रयोग करायचा नाहीस, तो त्यांचा.) थोड्याच वेळात ती माझ्या डोळ्यांदेखत थांबली. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या आलेखातही, तेच दिसलं. गोळ्यांनी फिट आटोक्यात आल्या. ‘मी ढ आहे’ हे मात्र गोळ्यांनी गेलं नाही, ते तिला आम्ही दिलं होतं.

तुझ्या यादीतल्या दुसऱ्या नावाकडे ये. सातवीतला, मारामाऱ्या करणारा, आणि बाईंनी शेवटी सहज लिहिलंय, ‘डायबेटिस आहे’. सहज! मारामाऱ्या केव्हा होतात ते बघ. पीटीच्या तासानंतर किंवा डबा उशिरा खाल्ला त्या दिवशी होत असतील, तर आधी साखर मोजायची आणि बोलणं मग. साखर ७० च्या खाली गेली की मेंदूला इंधन कमी पडतं आणि शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. घाम, थरथर, रडू, शिवी, सगळं एकदम. त्या क्षणी ‘असं का वागलास’ म्हणणं म्हणजे तापात फणफणलेल्याला पाढे विचारणं. पाण्यात तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. त्याला एकट्याला ऑफिसात पाठवायचं नाही, जिन्यात कोसळेल. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. माफीबिफी दुसऱ्या दिवशी.

हाच मुलगा नववीत गेला की प्रश्न बदलेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. वयात येताना वाढीच्या हार्मोन्समुळे शरीर इन्सुलिनला पूर्वीइतकी दाद देत नाही. सगळं नेमाने करूनही आकडे चढतात. घरी मीटरवरचा आकडा हा परीक्षेचा मार्क झालेला असतो: २८० दिसले की आईचा पहिला प्रश्न, “काय खाल्लंस बाहेर?” त्याने काहीच खाल्लेलं नसतं. असं चार-सहा वेळा झालं की मूल आकडा खोटा लिहायला लागतं, मग मोजायचंच सोडतं, मग एखादं इंजेक्शन चुकवून बघतं. घरचे याला हट्ट म्हणतात. मला तो थकवा वाटतो. दिवसाला चार-चार सुया, वर्षानुवर्षं, आणि सुट्टी एकही नाही, गणपतीतसुद्धा नाही. त्यात शाळेच्या संडासात लपून सुई घेणारा पोरगा कुणी पाहिला की ‘हा नशा करतो’ ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत मैदानभर. इन्सुलिन घ्यायला त्याला एक स्वच्छ, दार लागणारी जागा मिळवून दे. माझ्या अनुभवात समुपदेशनाच्या दहा बैठकांपेक्षा त्या दाराचा उपयोग जास्त झाला.

हजेरीपट वाच. कंटाळवाणं काम आहे, पण माझी अर्धी निदानं, म्हणजे निदानं नव्हेत, शंका, तिथूनच निघाल्या. दर तीन आठवड्यांनी एक-दोन दिवस गैरहजर असणारी एक मुलगी होती. गैरहजेरीच्या आधीचे तीन-चार दिवस ती चिडचिडी, पेंगुळलेली, बाकावर डोकं. थॅलेसेमिया, म्हणजे सतत बाहेरून रक्त घ्यावं लागणारा रक्ताचा आजार. रक्त चढवायची तारीख जवळ आली की हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. आईने शाळेला सांगितलं नव्हतं, कारण ‘पुढे लग्नाला अडचण येईल’. मुलगी होती अकरा वर्षांची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं. दिव्यांग प्रमाणपत्राचं मी समजावलं. तिच्या चाचणी परीक्षा रक्त चढवल्यानंतरच्या आठवड्यात घ्यायला बाईंना पटवलं, एवढंच केलं.

औषध सुरू झाल्याची तारीखही वहीत हवी. किडनीच्या आजारासाठी, म्हणजे नेफ्रोटिकसाठी, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू झालं की मूल दोन घास जास्त नाही, दोन डबे जास्त खातं, रात्री जागतं, क्षणात रडतं, आणि चेहरा गोल होतो तेव्हा वर्गात नाव पडतं ‘वडापाव’. फिटच्या औषधांपैकी लेव्हेटिरासिटॅमने काही मुलं भलती रागीट होतात. हे पालकांना जरूर सांग, पण त्याच श्वासात हेही सांग की गोळी मनाने बंद करायची नाही, ही दोन्ही औषधं अचानक थांबवणं धोक्याचं आहे. डॉक्टर डोस बदलू शकतात, औषध बदलू शकतात, पण त्यांना कळलं तर.

टीबीबद्दल तुला वेगळं सांगायची गरज नाही, तू मुंबईची आहेस. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर काही वेळा सायक्लोसेरिन हे औषध देतात. त्याने काही जणांना खोल उदासी येते, क्वचित भासही होतात. त्यात घरून ‘गावाला गेली होती म्हणून सांग’ ही ताकीद. एखादी अकरावीतली मुलगी हळू आवाजात ‘कशाला जगायचं’ म्हणाली तर वयाचं आहे म्हणून सोडू नकोस आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नकोस. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळायला हवं. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या आईच्या फोनमध्ये तू स्वतः सेव्ह कर.

बाकीचं भरभर सांगते. खडू-माती खाणारी, चिडकी, दम लागणारी मुलगी असेल तर आधी हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या, म्हणजे ही शंका घ्यायला कारण लागत नाही. सुस्त आणि मागे पडत चाललेली असेल तर थायरॉइड. आणि अक्षर! जुलैची वही आणि जानेवारीची वही शेजारी ठेवून बघ. अक्षर बिघडत गेलं, हातातून वस्तू पडतात, हसता हसता रडू येतं, तर तो निष्काळजीपणा नसूही शकतो. संधिवाताच्या तापानंतर येणारा कोरिया, म्हणजे हातपाय आपोआप हलण्याचा आजार, असा सुरू होतो, शरीरात तांबं साठणारा विल्सनचा आजारही असाच. डॉक्टरांकडे मुलाचं आजचं रक्त असतं, सहा महिन्यांपूर्वीच्या वह्या नसतात. त्या आपल्याकडे असतात.

आता उलटं टोक. हे वाचून तू प्रत्येक पोराला केईएम हॉस्पिटलची वाट दाखवशील, तर तेही नको. सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, तर ‘केव्हा’ने उत्तर दिलेलंच आहे. फक्त त्याला नाटक म्हणू नकोस. भीतीने दुखणारं पोटही खरंच दुखतं.

लहानांच्या बाबतीत एक विसरू नकोस. सहा-सात वर्षांचं मूल आजार ही शिक्षा समजतं. वाडिया या मुलांच्या हॉस्पिटलात भेटलेला एक मुलगा मला म्हणाला होता, ‘मी बहिणीचा पेपर फाडला म्हणून माझं रक्त खराब झालं.’ महिनाभर कुणालाच पत्ता नव्हता. तो गप्प आणि शहाणा झाला होता म्हणून सगळे खूश होते. बहीण इकडे शेजाऱ्यांकडे जेवत होती, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. भावंडांचं एक पान वहीत असू दे.

डॉक्टरांसाठी पत्र लिहिशील ते अर्धं पान असू दे. ओपीडीची रांग तू पाहिली आहेस. ‘मूल आक्रमक आहे’ हे वाक्य त्यात नको. ‘१२ दिवसांत ५ वेळा, पाचही वेळा पीटीनंतर अर्ध्या तासात, घाम येतो, खाल्ल्यावर थांबतं’ हे हवं.

यादीतला पाचवा, जेवणाच्या सुट्टीनंतर झोपणारा आणि बाकीचा वेळ वर्गभर उड्या मारणारा, त्याच्या आईला विचार की रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का. रात्रीची झोप मोडणारं मूल दिवसा असंच वागतं. खोली दहा बाय दहाची असेल तर तिला नक्की माहीत असेल. मंगळवारी संध्याकाळी मी दादरला आहे, वही घेऊन ये.

तुझी,
ताई