वयाचं निमित्त, पद्धतीचा घोळ

वय शेहेचाळीस. बऱ्याच वर्षांनी पदवीला प्रवेश घेतला. रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही. या वयात जमेल का?

रात्रीचं सकाळी न आठवणं विशीतल्या मुलांच्याही नशिबी असतं. ती फक्त वयाला बोल लावत नाहीत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो.

नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग वयानुसार मंदावतो, हे खरं. शब्दसंग्रह आणि साठलेलं ज्ञान मात्र विशीनंतरही बराच काळ वाढत राहतं. म्हणून गणिताला किंवा नव्या भाषेला जादा वेळ धरा; ज्या विषयांत जगण्याचा अनुभव कामी येतो, तिथे तुम्ही वर्गाच्या पुढेच असाल.

मी एकोणीस वर्षांचा. रोज पाच-सहा तास वाचतो, सगळं पुस्तक हायलायटरने रंगवलंय, पण पेपरात काही सुचत नाही.

पुस्तक रंगलं, डोकं कोरं राहिलं! रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रं नुसता वाचला. काहींनी एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं : आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं आठवेल असा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. तुझंही हेच होतंय. ओळखीची वाटणारी ओळ आपल्याला येते, असा भास होतो.

तेव्हा धडा वाचून झाला की पुस्तक मिट. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून सुटलेलं वेगळ्या शाईने भर. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. सुरुवातीला कागद जवळजवळ रिकामाच राहील आणि चिडचिड होईल, होऊ दे. जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नकोस, आतापासून घड्याळ लावून सोडव. सहा तासांचे तीन झाले तरी चालतील.

नोकरी, घर, दोन लहान मुलं. पहाटे चारला उठून अभ्यास करावा का?

झोप कापून नको. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. आधी हिशोब मांडा. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास, हा जुना ठोकताळा. आठवड्याला तीन-तीन तासांचे तीन विषय घेतले, तर नऊ अधिक अठरा, म्हणजे सत्तावीस तास. ते तुमच्या आठवड्यात कुठेच बसत नसतील, तर मुभा असल्यास या सत्रात एखादा विषय कमी घ्या. पदवी उशिरा मिळाली म्हणून तिची किंमत घटत नाही. अभ्यासाचे ठरलेले तास घरच्यांना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी नव्हे.

वर्गातली मुलं माझ्या मुलांच्या वयाची. शंका विचारायला लाज वाटते.

पहिल्या दोन आठवड्यांत एकदा तोंड उघडा, पुढे सोपं जातं. आणि 'काहीच कळलं नाही' असं म्हणू नका. 'तिसऱ्या पायरीपर्यंत कळलं, चौथी कुठून आली?' असं विचारलं, की शिक्षकांना नेमकं उत्तर देता येतं.

पहिल्याच सत्रात एका विषयात नापास झाले. सोडून देऊ?

उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर आधी ती बघा. गुण कुठे गेले? मुळात कळलंच नव्हतं, कळलं होतं पण आठवलं नाही, की वेळ पुरला नाही? पहिल्यासाठी शिक्षकांकडे जा, दुसऱ्यासाठी वरचा कोऱ्या कागदाचा उपाय, तिसऱ्यासाठी घड्याळ लावून सराव. तरीही सोडायचंच असेल, तर आधी कार्यालयात नियम विचारा : मुदतीत रीतसर विषय मागे घेणं आणि नुसतं जाणं बंद करणं यांची नोंद बऱ्याच ठिकाणी वेगवेगळी होते.