परदेशी निधीला होकार देण्याआधी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

विडी कामगारांच्या वस्तीत बालवाड्या काढायला परदेशातली संस्था पैसे देते म्हणाली, म्हणून तू हरखली आहेस. पण तुमची संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदवून जेमतेम वर्ष झालंय. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्याच्या नोंदणीला किमान तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. तोवर सरकारची पूर्वपरवानगी, तीही ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक कामापुरती. पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत उतरणार, मग सोलापुरात.

२०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. कार्यालयाचं भाडं त्यातच धर. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन सांगोला-अक्कलकोटकडच्या लहान गटांना द्यायचा, तेही बंद झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही दुरुस्ती उचलून धरली. हिशेब मागायचा सरकारला हक्क आहेच. पण त्यापायी वाटपच बंद करणं मला अजून पटलेलं नाही.

कागदपत्रं होतील गं. मला काळजी बालवाडीची आहे. अंगणवाडी ही १९७५ पासून सरकारची योजना. आपण परस्पर बालवाडी काढली की बालविकास प्रकल्पाचे साहेब सुटले! उद्या देणगीदाराचं धोरण बदललं तर पोरं कुणाच्या दारात? बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेल्या मिलोने, त्या लाल ज्वारीने, आपल्याकडे पोटं भरली, पण पुढच्या दुष्काळात मजुराला हक्काने काम मागता आलं ते रोजगार हमीमुळे. १९७७ साली तिचा कायदा झाला.

म्हणून वस्तीतल्या बायकांना आधी विचार. त्या कदाचित ओळखपत्राचं आणि भविष्यनिर्वाह निधीचंच बोलतील. बालवाडी हवीच म्हणाल्या, तर ती चालवतानाच अंगणवाडीच्या मागणीचा अर्ज त्यांच्याच सह्यांनी जाऊ दे. देणगीदाराला हे पहिल्याच पत्रात सांग. अर्जाचं ऐकून बिचकला, तर बिचकू दे.

इथल्या देणग्यांना एफसीआरए लागत नाही. ८०जी चं, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या नोंदणीचं, काम उरकून घे. चादर कारखानदार आणि डॉक्टर मंडळी पावती मागतातच. बालवाडीच्या एका बाईंचा पगार तरी गावातल्या पैशातून निघायला हवा.

उत्तराचा मसुदा मला पाठव. पूर्वपरवानगीसाठी देणगीदाराचं वचनपत्र लागतं. त्यात रक्कम आणि काम दोन्ही नीट लिहून माग.

तुझा,
काका